संख्या, गुण आणि ‘पात्र’ आत्महत्या

मागच्या व्याख्यानात आपण ‘स्पष्टीकरण’ या कल्पनेपाशी थांबलो होतो. त्यानंतर श्रोत्यांकडून जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून अधिक एकाच वळणाचे होते: गुणात्मक संशोधन म्हणजे नेमकं काय, आणि ते संख्यात्मक संशोधनाहून वेगळं कसं? विचारणारे बहुतेक पीएच.डी.चे विद्यार्थी. एकीने फार सरळपणे लिहिलं आहे की ‘तुझा विषय क्वालिटेटिव्ह आहे’ एवढं मार्गदर्शकांनी सांगितलं, पण मग उद्या सकाळी उठून करायचं काय, ते सांगितलं नाही. तेव्हा आजचा विषय हाच घेऊ.

संशोधनपद्धतीच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात एक तक्ता असतो. दोन रकाने. डावीकडे संख्यात्मक, उजवीकडे गुणात्मक. इकडे आकडे, तिकडे शब्द. इकडे मोठा नमुना, तिकडे लहान. इकडे वस्तुनिष्ठ, तिकडे व्यक्तिनिष्ठ. इकडे गृहीतक आधी, तिकडे सिद्धांत नंतर. विद्यार्थी तो पाठ करतात, नेट-सेटला तो विचारला जातो, आणि आयुष्यभर डोक्यात तोच राहतो. आमची तक्रार अशी की हा तक्ता पूर्ण खोटा नाही, आणि म्हणूनच तो जास्त त्रासदायक आहे. दोन शेजाऱ्यांच्या मधली भिंत तो दाखवतो, पण दोघांचा पाया एकच आहे हे दाखवत नाही.

आधी शब्दाकडे बघू. ‘गुणात्मक’ हा शब्द मराठीत आला तेव्हा तो एका गर्दीत येऊन उभा राहिला. आपल्याकडे ‘गुण’ म्हणजे सद्गुण, गुण म्हणजे औषधाचा उतार, आणि गुण म्हणजे परीक्षेतले मार्क, म्हणजे चक्क आकडे! शिवाय ‘गुणवत्ता’ शेजारी उभी आहेच. त्यामुळे गुणात्मक संशोधन म्हणजे जरा वरच्या दर्जाचं संशोधन, असं समजणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यातले काही प्राध्यापक होते, असो.

पण आपल्या परंपरेत या शब्दाची एक जागा अशी आहे की ती या तक्त्यालाच धक्का देते. वैशेषिकांची पदार्थव्यवस्था तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात चोवीस गुण मोजले आहेत. रूप, रस, गंध, स्पर्श आणि त्याच्या लगेच पुढे संख्या, मग परिमाण. म्हणजे संख्या हाच एक गुण! आज ज्या दोन गोष्टी आपण समोरासमोर उभ्या करतो, त्यातली एक दुसरीच्या पोटात आहे. आणि न्याय-वैशेषिक एवढ्यावर थांबत नाहीत. ते विचारतात, ‘दोन’ ही संख्या कुठून येते? एकत्व वस्तूत आहे. पण द्वित्व निर्माण व्हायला मनाची एक क्रिया लागते: ‘हे एक, आणि हे एक’ अशी दोघांना एकत्र धरणारी जाणीव. तिला त्यांनी नाव दिलं अपेक्षाबुद्धी. ती नसेल तर समोर दोन घडे असूनही ‘दोन’ नाहीत.

आमच्या मते संशोधनपद्धतीवरचं याच्याइतकं उपयोगी वाक्य कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. कारण मोजण्याच्या आधी कोणीतरी ठरवलेलं असतं की कशाला ‘एक’ म्हणायचं. आंबे मोजताना हे ठरवणं इतकं सोपं असतं की ते घडलं हे लक्षातही येत नाही. माणसांची दुःखं मोजताना मात्र सगळा खेळ तिथेच होतो.

उदाहरणासाठी आपण एक जड विषय घेणार आहोत, आत्महत्या. तो मुद्दाम घेतो आहोत, कारण समाजशास्त्रातलं संख्यात्मक संशोधन ज्या पुस्तकावर उभं राहिलं ते याच विषयावरचं, आणि महाराष्ट्रात हा विषय पुस्तकातला नाही, घरातला आहे.

एमिल दुर्खीमचं ‘आत्महत्या’ हे पुस्तक १८९७ सालचं. वरवर पाहता याहून खाजगी कृती नाही. माणूस एकटा, निर्णय एकट्याचा. दुर्खीम म्हणतो, थांबा. एका माणसाचं कारण मला नको. युरोपातल्या एकेका देशाचं प्रमाण बघा, ते वर्षानुवर्षं जवळजवळ स्थिर आहे. प्रॉटेस्टंटांमध्ये कॅथलिकांपेक्षा जास्त, अविवाहितांमध्ये विवाहितांपेक्षा जास्त, सैनिकांमध्ये नागरिकांपेक्षा जास्त. माणसं बदलतात, प्रमाण टिकतं. मग कारण माणसाच्या मनात कसं असेल? ते समाजाच्या बांधणीत असलं पाहिजे. त्याचा भाचा मार्सेल मोस याने सुमारे २६,००० आत्महत्यांच्या नोंदींची वर्गवारी त्याला करून दिली. कल्पना करा, संगणक नाही, हातात कागद. या कामाची भव्यता मान्य न करणारा माणूस गुणात्मक संशोधनही नीट करू शकणार नाही, असं आमचं मत आहे. आकड्यांनी इथे असं काही दाखवलं जे हजार मुलाखती घेऊनही दिसलं नसतं. मरणाऱ्याला ठाऊकच नसतं की तो एका प्रमाणाचा भाग आहे.

पुढे सत्तर वर्षांनी, १९६७ साली, जॅक डग्लस नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एक साधा प्रश्न विचारला. या नोंदी केल्या कोणी? आत्महत्या झाली असं कागदावर कोणी तरी लिहितं, तेव्हाच ती आकड्यात येते. ज्या समाजात आत्महत्या हे घोर पाप आहे, जिथे घरचे, डॉक्टर, पाद्री सगळेच ‘अपघात’ म्हणायला उत्सुक आहेत, तिथे आकडा कमीच निघणार. मग कॅथलिकांमध्ये आत्महत्या कमी होतात, की कमी लिहिल्या जातात?

त्यानंतर मॅक्सवेल ॲटकिन्सन. त्याचं पुस्तक १९७८ चं. त्याने इंग्लंडमधल्या कोरोनरांच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कामाचा अभ्यास केला. चिठ्ठी होती का? मृत्यू कसा झाला? कुठे झाला? आणि माणूस कसा होता? एकटा, उदास, नोकरी गेलेला? असेल तर आत्महत्या. हसतमुख, घरसंसारी, पुढच्या आठवड्यात सहलीला जाणार होता? मग बहुधा अपघात. आता यातला पेच बघा. अधिकाऱ्याच्या मनात आधीच समजूत आहे की एकटी माणसं आत्महत्या करतात. त्या समजुतीने तो नोंदी करतो. त्या नोंदींची बेरीज विद्यापीठात येते. आणि विद्वान सिद्ध करतात की एकटेपणा आणि आत्महत्या यांचा संबंध आहे! वर्तुळ पूर्ण झालं.

ॲटकिन्सनने हे गणिताने शोधलं नाही. तो त्या लोकांच्या कामाजवळ जाऊन बसला, त्यांच्याशी बोलला, निर्णय कसा होतो ते बघितलं. म्हणजे गुणात्मक संशोधन काय करू शकतं याचा हा नमुना आहे. ‘किती’ या प्रश्नाच्या मागे असलेली अपेक्षाबुद्धी ते उघडी करून दाखवतं.

आता घराकडे येऊ.

देशातल्या शेतकरी आत्महत्यांचे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग, म्हणजे एनसीआरबी, १९९५ पासून देत आला आहे. २०१३ सालचा आकडा होता ११,७७२. २०१४ सालचा आला ५,६५०. एका वर्षात निम्म्याहून खाली! कोणी टीव्हीवर हे दोनच आकडे वाचले असते तर म्हणाला असता, देशात काहीतरी फार चांगलं घडलं. काय घडलं होतं? रकाना बदलला होता. २०१४ पासून शेती करणारे आणि शेतमजूर वेगळे मोजायला सुरुवात झाली. त्या वर्षी शेतमजुरांच्या आत्महत्या होत्या ६,७१०. दोन्ही मिळवा, १२,३६०.

यात कोणी लबाडी केली असं आम्ही म्हणत नाही. शेतमजुराचं दुःख वेगळं आहे, ते वेगळं मोजणं योग्यच. पण ‘शेतकरी’ कोणाला म्हणायचं हा प्रश्न आकड्याच्या आधीचा आहे, आणि तो आकड्याने सुटत नाही. दोन एकर स्वतःचं, दोन एकर बटईने, आणि उन्हाळ्यात दुसऱ्याच्या बांधावर रोजंदारी, असा माणूस कुठल्या रकान्यात? ठाण्यातला हवालदार जो लिहील त्या. आणि सकाळपासून रात्रीपर्यंत शेतात राबणारी, पण सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई? तिची नोंद बहुतेक वेळा ‘गृहिणी’ या रकान्यात जाते. तिच्या मृत्यूला शेतीशी जोडणारा कागदच नसतो.

महाराष्ट्रात याच्यावर आणखी एक थर आहे. सरकारने आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत सुरू केली, तेव्हा अर्थातच निकष आले. जमीन कुटुंबाच्या नावावर आहे का? कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं आहे का? थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का? मग तलाठ्याचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती. शेवटी प्रकरण ठरतं ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’.

‘अपात्र आत्महत्या’. हा शब्दप्रयोग आता वर्तमानपत्रात इतका रुळला आहे की वाचताना आपण थबकतही नाही. तत्त्वज्ञानाच्या माणसाला मात्र थबकावं लागतं. प्रशासनाच्या बाजूने बघितलं तर निकष हवेतच, सार्वजनिक पैसा आहे, आम्हाला ते मान्य आहे. पण मदतीसाठी केलेली ही वर्गवारी हळूच कारणाची वर्गवारी होऊन बसते. अमुक इतकी प्रकरणं अपात्र, याचा अर्थ वाचणारा असा लावतो की त्या माणसांचा मृत्यू शेतीच्या संकटामुळे झालाच नाही. ज्याने नातेवाइकाकडून किंवा गावातल्या परवाना नसलेल्या सावकाराकडून पैसे घेतले, त्याच्या कर्जाला कागद नाही. म्हणून कर्ज नाही. म्हणून कारण नाही. ही साखळी तर्काची वाटते, पण प्रत्येक दुव्याशी एक माणूस निर्णय घेत बसला आहे. तेव्हा ‘आकडे वस्तुनिष्ठ आणि मुलाखती व्यक्तिनिष्ठ’ हा तक्त्यातला रकाना इथे कसा लावायचा, ते लावणाऱ्याने सांगावं.

आता तुमच्यापैकी काहीजण खूश झाले असतील, की चला, सरांनी आकड्यांचा निकाल लावला. तसं नाही. नाण्याची दुसरी बाजू जास्त झोंबणारी आहे.

समजा, कोणी यवतमाळ जिल्ह्यात गेला आणि आत्महत्या झालेल्या तीस घरी बसून सविस्तर मुलाखती घेतल्या. सगळीकडे ऐकलं: कर्ज होतं, पीक गेलं, मुलीचं लग्न होतं. निष्कर्ष लिहिला, कर्ज हे मुख्य कारण. कोणाला पटणार नाही? पण शेजारच्या तीनशे घरांतही कर्ज होतं, पीक त्यांचंही गेलं होतं, मुली त्यांनाही होत्या. ती माणसं जगली. त्यांच्याकडे तुम्ही गेलाच नाहीत. मग कर्ज ‘कारण’ आहे हे कशावरून? मरण आलेल्या घरी जाऊन मरणाचं कारण विचारणं, यात एक मूलभूत गोची आहे: दुःखात बुडालेलं घर मागे वळून बघतं आणि हाताला येईल तो धागा धरतं. तो धागा खरा असेल, पण तो तपासायला तुलना लागते.

इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेसाठी श्रीजित मिश्र यांनी २००६ साली महाराष्ट्रातल्या शेतकरी आत्महत्यांवर जो अहवाल दिला, त्यात हेच केलं होतं. आत्महत्या झालेली कुटुंबं आणि तशी घटना न घडलेली कुटुंबं शेजारी ठेवून बघितली. त्यातून दिसलं की आत्महत्या झालेल्या कुटुंबांवर थकलेल्या कर्जाचा बोजा खरंच जास्त होता. म्हणजे गावातला माणूस जे म्हणत होता ते तुलनेत टिकलं. टिकलं नसतं तरी ते कळणं गरजेचंच होतं. आणि त्याआधी, २००५ साली, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई उच्च न्यायालयासाठी केलेला अभ्यास आहे. हे दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचा. पद्धतीवरच्या पाच पुस्तकांपेक्षा जास्त शिकाल.

गुणात्मक काम चांगलं झालं म्हणजे कसं दिसतं, यासाठी एक मराठी उदाहरण देतो. इरावती कर्वे. त्यांचं ‘युगान्त’ सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यांचं शिक्षण कशात झालं होतं ते पुष्कळांना ठाऊक नसतं. बर्लिनला ऑयगेन फिशर या वंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी मानवी कवट्यांच्या मापांवर डॉक्टरेट केली. कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे, असं दिसावं ही तिथली अपेक्षा. कर्वेबाईंची मापं तसं म्हणेनात, आणि त्यांनी तसं लिहून दिलं. गुरूच्या समोर, त्या काळातल्या जर्मनीत! आकडे प्रामाणिकपणे घेतले तर ते सत्ताधारी मताला कसे आडवे जातात, याचं हे उदाहरण लक्षात ठेवा. आकडे म्हणजे नेहमी सरकारची बाजू, असं समजणाऱ्यांनी तर जरूर.

त्याच कर्वेबाई पुढे दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. १९६२ साली तो इंग्रजीत एका नामांकित संशोधनपत्रिकेत आला आणि जगभरच्या अभ्यासकांनी वाचला. मूळचा ललित लेख. त्यात तक्ता नाही, प्रश्नावली नाही. त्यांना दिसलं की एकाच दिंडीत, एकच अभंग म्हणत चालणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात. हे त्यांना खुपत राहिलं, आणि ते खुपणं त्यांनी लपवलं नाही.

आता हेच प्रश्नावलीने करून बघा. ‘वारीत जातिभेद पाळला जातो का? होय / नाही.’ आम्हाला वाटतं, भल्याभल्या वारकऱ्यांनी ‘नाही’वर खूण केली असती, आणि खोटं बोलतोय असं त्यांना क्षणभरही वाटलं नसतं. कारण त्यांच्या दृष्टीने विठ्ठलासमोर सगळे एक आहेतच, आणि पंगत वेगळी असणं हा भेद नाही, ती रीत आहे. ही गोष्ट ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या मध्ये कुठेतरी राहते. तिथे पोचायला पंधरा दिवस चालावं लागतं, पायाला फोड यावे लागतात, दोन्हीकडच्या बायकांशी बोलावं लागतं.

मग यात त्रुटी नाही का? आहे. पुण्याच्या विदुषीशी बायका जशा बोलल्या तशा त्या आपसात बोलत असतील का, कोण काय बोललं नाही, हे विचारायला हवंच. पण बघा, हा प्रश्न आपण विचारू शकतो, कारण बाईंनी स्वतःला चित्रातून काढून टाकलेलं नाही. कोण बघतंय, कुठे उभं राहून बघतंय, हे लेखात आहे. व्यक्तिनिष्ठतेचा आरोप ज्याच्यावर होतो त्याने द्यायची हीच किंमत आहे, आणि आपल्याकडचे बहुतेक गुणात्मक प्रबंध ती देत नाहीत.

त्या प्रबंधांबद्दल थोडं कडू बोलू. निवृत्तीनंतरही परीक्षक म्हणून आमच्याकडे प्रबंध येत राहिले. त्यातला एक ठरावीक नमुना असा: शीर्षकात ‘एक गुणात्मक अभ्यास’, आत पंधरा जणांच्या मुलाखती, आणि निष्कर्षात ‘७३.३३ टक्के प्रतिसादकांच्या मते’. म्हणजे पंधरातले अकरा! दशांशचिन्हाच्या पुढची ती दोन घरं बघून आम्हाला नेहमी प्रश्न पडतो की हा माणूस कोणाला घाबरतो आहे. पंधरा जणांकडे जाऊन त्याला जे मिळालं असेल, बोलता बोलता कोण गप्प झालं, कोणी विषय बदलला, कोणी नवरा आत आल्यावर उत्तर फिरवलं, ते सगळं टाकून दिलं आणि आकड्याची झूल पांघरली. संख्यात्मक म्हणून हे काम निरुपयोगी, कारण नमुना नाही. गुणात्मक म्हणूनही निरुपयोगी, कारण माणसं नाहीत.

दुसरा नमुना याच्या उलटा. सहा मुलाखतींची लांबच लांब अवतरणं, मध्ये मध्ये दोन फ्रेंच विचारवंतांची नावं, आणि ‘आम्ही सामान्यीकरण करत नाही’ असं एक वाक्य ढालीसारखं. सामान्यीकरण करत नाही, तर मग वाचायचं कशाला? एखाद्या घराची गोष्ट वाचून आपल्याला दुसऱ्या घराबद्दल काही कळत नसेल तर ती फक्त गोष्ट आहे, आणि गोष्टी आपल्याकडे कथाकारांनी जास्त चांगल्या लिहिल्या आहेत.

‘किती मुलाखती पुरे?’ हा प्रश्न या वेळी सात जणांनी विचारला आहे. ग्लेसर आणि स्ट्रॉस यांच्या १९६७ च्या पुस्तकात ‘संपृक्तता’ हा शब्द आहे, आणि तोच हल्ली सगळे वापरतात: नवीन काही येईना की थांबा. पण त्यांनी स्वतः काम कसं केलं ते बघा. ते रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांचा अभ्यास करत होते. एकाच वॉर्डात बसून ‘आता तेच तेच ऐकू येतंय’ म्हणून ते उठले नाहीत. जिथे रुग्णाला मरण कळतच नाही असा अकाली जन्मलेल्या बाळांचा कक्ष, जिथे कळतं पण कोणी बोलत नाही असा कर्करोगाचा कक्ष, असे मुद्दाम एकमेकांपासून वेगळे निवडले. आपली कल्पना मोडू शकेल अशी जागा शोधत ते गेले. एकाच वस्तीतल्या, एकाच ओळखीच्या बाईने गाठून दिलेल्या वीस जणी सारखंच बोलल्या, तर ती संपृक्तता नव्हे. ती त्या बाईची मैत्रीमंडळी आहे.

आणि ज्या मुलीने विचारलं होतं की उद्या सकाळी काय करू, तिने आपला विषय शेतकरी कुटुंबांतल्या विधवा असा लिहिला आहे. तिला आमचं सांगणं असं. बाई, विदर्भातल्या त्या घरांमध्ये तुझ्या आधी पत्रकार, अधिकारी, संस्थांचे लोक, विद्यार्थी असे कितीतरी येऊन गेले आहेत. ‘त्या दिवशी काय झालं’ हे त्यांना पुन्हा सांगायला लावू नकोस. त्याऐवजी तहसील कचेरीत जा. तुझ्या तालुक्यात जी प्रकरणं अपात्र ठरली त्यांची कागदपत्रं बघायला मिळतात का, ते रीतसर अर्ज करून बघ. आधी मोज: किती अपात्र, कुठल्या निकषावर, किती बायका. हे संख्यात्मक काम आहे, त्याला लाजू नकोस. मग ज्या तलाठ्याने अहवाल लिहिला त्याच्याशी बोल. काय विचारलं, काय लिहायचं टाळलं, वरून काय सूचना होत्या. पोलीस पाटलाशी बोल. आणि मग, कुटुंबाची तयारी असेल तरच, त्या घरी जा आणि विचार की ‘अपात्र’ हा कागद हातात आला तेव्हा तुम्ही त्याचा अर्थ काय लावला. या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच रकान्यात नाही, आणि तो त्यांना बहुधा कोणी विचारलेलाही नाही.

डिल्थाय आणि वेबर यांच्याबद्दल, म्हणजे ‘समजून घेणं’ आणि ‘स्पष्टीकरण देणं’ यांच्या वादाबद्दल, आज बोलायचं राहिलं. ते पुढच्या खेपेला घेऊ. आता प्रश्न.